फोडींचा हिशेब

नागपुरात कोणाच्याही घरी गेलं की आधी पाणी येतं. लक्ष्मीनगरात आमच्या आत्याकडे आधी पुस्तक येतं. चौकोनी, गुळगुळीत, २४ पानांचं. मुखपृष्ठावर एक संत्रं आणि संत्र्याला दोन डोळे. ते देण्याआधी ती तुमचे तळवे उलटेपालटे करून पाहते, चिवड्याचं तेल लागलेलं नाही याची खात्री करते, आणि मग समोर उभी राहते. बसत नाही. तुम्ही शेवटचं पान उलटेपर्यंत कूलरही लावत नाही, कारण वाऱ्याने पानं फडफडतात आणि वाचणाऱ्याचं लक्ष उडतं. मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे असताना, २४ पानं ही फार मोठी कादंबरी असते.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणारा लेखक मराठीत दुर्मीळ नाही. कवींमध्ये तर तो रिवाजच आहे. पण कवितासंग्रह अंगाने सडपातळ असतो, एका काळ्या शाईत भागतो, आणि शबनममध्ये घालून संमेलनाला नेता येतो. चित्रपुस्तक काढणाऱ्याचं सगळंच अवघड. त्याला चित्रकार लागतो, चार रंग लागतात, आर्ट पेपर लागतो. एवढं करून त्याचा वाचक कोण? तर ज्याला अजून वाचता येत नाही आणि ज्याच्या चड्डीला खिसा असला तरी त्यात गोट्या असतात. अशा ग्राहकाच्या भरवशावर कोणतीही बँक कर्ज देणार नाही. म्हणून हा लेखक आपला फंड मोडतो. आत्याने पैसे ग्रॅच्युइटीतून काढले.

आत्या एजी ऑफिसात होती, म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या महालेखाकार कार्यालयात, ऑडिटला. जिल्ह्याजिल्ह्यांत जायचं, दुसऱ्यांनी केलेल्या खर्चाची व्हाउचरं तपासायची आणि आक्षेप काढायचे. ‘सिमेंट इतकं लागलं, ते ठीक, पूल कुठे आहे?’ अशा स्वरूपाचे प्रश्न तिने सरकारला आयुष्यभर विचारले. काका राज्य सरकारात होते, म्हणजे ज्यांच्यावर आक्षेप निघतात त्या बाजूचे. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी त्यांनी तिला कधी उलट उत्तर दिलं नाही. फार तर ‘माहिती संकलित करून सादर करतो’ म्हणतात आणि आडवे होतात.

२०२१ साली आत्या निवृत्त झाली. ऑडिटची माणसं निवृत्तीनंतर एखाद्या देवळाच्या ट्रस्टवर जातात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात, नाहीतर मुलाकडे पुण्याला जाऊन सुनेचा स्वयंपाक तपासतात. आत्याचं बिनसलं ते नातीमुळे. तिच्यासाठी तिने माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं आणली. पोरगी ‘राधाचं घर’ पुन्हापुन्हा वाचायला लावायची. आत्या वाचत गेली आणि तिच्या नजरेत भरलं की पानावर शब्द फार थोडे आहेत. “एवढंच तर लिहायचं असतं,” ती काकांना म्हणाली. या जमातीतला प्रत्येक जण याच वाक्यावरून खाली आलेला आहे. कमी शब्द म्हणजे कमी काम, हा हिशेब जन्मभर हिशेब केलेल्या बाईनेही करावा, यावरून त्या मोहाची ताकद कळते. त्यात ‘किशोर’ मासिक १९७१ साली निघालं तेव्हा आत्या प्राथमिक शाळेत होती. त्याचे जुने अंक तिने वर्षवार बांधून ठेवलेत आणि आपण लेखिका व्हायला हवं होतं, ही नोंद तेव्हापासूनच प्रलंबित होती.

गोष्ट तिने एका संध्याकाळी लिहिली. काटोलच्या बागेतलं एक संत्रं. त्याच्या आत दहा बहिणी, म्हणजे दहा फोडी, एकमेकींना बिलगून बसलेल्या. संत्रं नागपुरात येतं, एक मुलगी ते सोलते आणि बहिणींची ताटातूट होते. एक आजीला, एक आईला, एक बाबांना, एक दूधवाल्याला, एक शेजारच्या काकूंना, एक पोस्टमनला, एक कावळ्याला, एक मुंग्यांना, एक मुलीच्या स्वतःच्या तोंडात. उरते धाकटी. ती एकटी वाटीत बसून रडते, आणि पाळण्यातलं बाळही रडत असतं. तर ती टुणकन उडी मारून त्याच्या तोंडात जाते. दोघांचं रडणं थांबतं. संपली गोष्ट.

मला ती आवडली होती. मोठ्या माणसांना आवडली नाही. “म्हणजे शेवटी ती खाल्लीच जाते?” हा पहिला आक्षेप. “मुलांच्या मनावर परिणाम होईल.” “याचं तात्पर्य काय?” “एकीचं बळ दाखवा ना, फोडी वेगळ्या का करता?” पुण्याच्या एका प्रकाशकाने साभार परत करताना लिहिलं की शेवट अधिक सकारात्मक हवा. दुसऱ्या एकाने काहीच लिहिलं नाही, आणि या धंद्यात त्याला उत्तरच समजतात. आत्याने मात्र नोकरीतल्या सवयीने पूर्वोदाहरण शोधून काढलं. बीट्रिक्स पॉटरच्या पीटर रॅबिटलाही प्रकाशकांनी नाकारलं होतं. तेव्हा तिने १९०१च्या डिसेंबरात स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या, आणि पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकाने ते पुस्तक रंगीत काढलं. शिवाय त्या गोष्टीत पीटरच्या बापाला सुरुवातीलाच भाजून खाल्लेलं आहे. त्या मानाने आपली फोड निदान स्वखुशीने गेली. हे उदाहरण आत्या आता कोणालाही सांगते. गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही पीटर रॅबिट माहीत आहे.

काकांनी एकदाच तोंड उघडलं. “तिनं अडीचशेच छापल्या ना? मग तू हजार काहून छापून राहिली?”

“तिच्या प्रतींत चित्रं काळी-पांढरी होती,” आत्या म्हणाली. “रंगीत एकच.”

“मग तूही काळी-पांढरी छाप.”

“संत्रा? काळा-पांढरा?”

काका आडवे झाले.

चित्रकार सापडला तो चित्रकला महाविद्यालयातला एक पोरगा. केस मानेपर्यंत, बोलणं कमी, टॅबवर चित्रं काढणारा. पहिल्या खेपेला त्याने बागेचं चित्र आणलं. सुरेख बाग होती, आणि मधोमध वाघ.

“हा काय?”

“वाघ, मॅडम.”

“गोष्टीत वाघ कुठे आहे?”

“नागपूर आहे ना, मॅडम.”

त्याचंही चुकत नव्हतं. नागपुरात चित्र काढणाऱ्याकडे वाघच मागतात. हॉटेलला, दवाखान्याला, मेट्रोच्या खांबाला, सगळीकडे वाघ लागतो. काटोल-कळमेश्वरकडे वाघ दिसल्याच्या बातम्याही अधूनमधून असतात. पण आत्याने लेखी कळवलं : ‘पान ३ वरील वाघास संहितेत आधार नाही, सबब वगळावा.’ पोरगा हो म्हणाला. चित्रकाराने इतक्या लवकर हो म्हणावं हे खरं तर कोणालाही खटकायला हवं होतं.

मग आत्याने फोडी मोजल्या. पान ५ वर ९, पान ७ वर १२, पान ८ वर पुन्हा ९. पोरगा म्हणाला, “मॅडम, फील महत्त्वाचा.” आत्याने फीलचं व्हाउचर मागितलं. वाद मिटवायला तिने कॉटन मार्केटातून डझनभर संत्री आणली आणि डायनिंग टेबलावर सोलून एकेक मोजली. कुठे दहा निघाल्या, कुठे बारा, सरासरी अकरा. तेव्हा दहा बहिणींच्या अकरा झाल्या, गोष्टीतलं वाक्य बदललं, चित्रं बदलली. काका त्या रात्री जेवले नाहीत. त्यांनी पुराव्याचीच विल्हेवाट लावली होती.

त्याहून मोठा पेच पुढे आला. मुखपृष्ठाआतल्या चित्रात एकाच झाडावर पांढरी फुलं आणि पिकलेली संत्री. आता, नागपुरी संत्र्याचे बहार दोन. आंबिया बहार थंडीच्या शेवटी फुलतो आणि फळ दिवाळीच्या आगेमागे येतं. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो आणि फळ फेब्रुवारी-मार्चात. मग या झाडावर कोणता बहार धरला आहे? आत्या एसटीने काटोलला गेली. तिथल्या एका बागायतदाराने चित्र हातात घेऊन, दूर धरून, जवळ धरून पाहिलं, चहा सांगितला आणि विचारलं, “बाई, पोट्टे का बहार पाह्यतेत?”

आत्या म्हणाली, “मी पाहते ना.”

फुलं काढली.

छापखाना महालातल्या एका गल्लीत. तिथे तिला पहिल्यांदा समोरून आक्षेप आले. गोष्ट २१ पानांत संपत होती. छापखानेवाला म्हणाला, पानं आठाच्या पटीत लागतात, २४ करा. तीन पानं उरली. एकावर आत्याने प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव, मुद्रक, किंमत वगैरे घातलं. दुसऱ्यावर आभार, त्यात काटोलचा बागायतदार आणि ‘सहनशीलतेबद्दल’ काका. तिसरं पान कशानेच भरेना, तेव्हा कोरं सोडून खाली छापलं : ‘इथे तुम्हांला काय वाटतं ते काढा किंवा लिहा.’

मग रंग. पहिल्या प्रूफात सगळी संत्री विटेच्या रंगाची निघाली, दुसऱ्यात हळदीच्या. ज्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते नागपुरातच वीटकरी छापलं जावं, हे आत्याला सहन होईना. छापखानेवाल्याने शांतपणे समजावलं, “मॅडम, मोबाइलवर तुम्ही जो ऑरेंज पाहून राहिल्या ना, तो उजेडाचा रंग आहे. कागदावर शाई राहते. निळी, गुलाबी, पिवळी, काळी. या चारांतून तसा झळझळीत ऑरेंज येतच नाही. पाचवी शाई घ्या, स्पेशल. पण पाचवी प्लेट लागंल. पैसे वाढतीन.” आत्याने पैसे वाढवले नाहीत. त्याऐवजी एक खरं संत्रं, देठासकट, नमुना म्हणून मशीनपाशी ठेवलं आणि ‘याच्याशी जुळवून घ्यावे’ अशी चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी गेली तर चिठ्ठी होती, नमुना ऑपरेटरने खाल्ला होता. तिसऱ्या प्रूफातला रंग बराच जवळचा आला. खाल्ल्याचा उपयोग झाला असावा.

आणि हजार प्रती का, तेही तिथेच ठरलं. ऑफसेटवर शंभर छापा की हजार, प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च तोच. म्हणून शंभर छापल्या तर एक प्रत सव्वादोनशेला पडणार, हजार छापल्या तर चित्रकाराच्या मानधनासकट ८२ रुपयांना. आकडे समोर ठेवल्यावर शहाणा माणूस हजार म्हणतो, आणि मग हजार प्रती घरी येतात. महाराष्ट्रात अशी किती शहाणी माणसं आपल्याच साहित्यावर झोपत असतील! आत्याकडे पुस्तकं दिवाणात भरली, उरलेली दिवाणाखाली, त्यातूनही उरलेली कूलरच्या स्टँडवर, कारण कूलर नोव्हेंबरात गच्चीवर गेलेला असतो. काका दुपारी त्या दिवाणावर झोपतात. ही उंची कमरेला बरी पडते असं ते म्हणतात. ती कधी कमी होईल, असं मात्र विचारत नाहीत.

आयएसबीएनचा क्रमांक दिल्लीहून येतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या संस्थेकडून, आणि फुकट येतो. सरकारकडून फुकट आलेल्या वस्तूवर आत्याचा विश्वास नाही. तिने कागद घेतला, तेरा आकडे मांडले, एकाआड एक आकड्याला १ आणि ३ने गुणलं, बेरीज केली आणि तिला १०ने भागून पाहिलं. बाकी शून्य आली. “बरोबर दिलाय,” ती म्हणाली. हा क्रमांक तिला तोंडपाठ आहे. आधार कार्डाचा नाही.

पुढे तिला १९५४चा कायदा सापडला. प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत, स्वखर्चाने, एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. न पाठवल्यास ५० रुपयांपर्यंत दंड आणि वर पुस्तकाची किंमत. हा कायदा किती प्रकाशक पाळतात ते सोडा. आत्याने चारही गठ्ठे बांधले आणि पोस्टात उभी राहिली. तेव्हा रजिस्टर्ड बुकपोस्ट स्वस्तात जायचं. २०२४च्या डिसेंबरात टपाल खात्याने ती सेवा बंद केली, तर त्या दिवशी आत्याने गोड केलं नाही. कोलकात्याहून पोच आली ती मात्र तिने अजून जपून ठेवली आहे. इंग्रजीत दोनच ओळी आहेत, छापील. पुस्तकाचं तेवढंच परीक्षण आलं.

प्रकाशन १४ नोव्हेंबर २०२२ला, बालदिनाला, बर्डीवरच्या एका सभागृहात. व्यासपीठावर पाच ज्येष्ठ, सहावी आत्या. समोरच्या रांगेत मुलं बसवली होती, कारण फोटोत मुलं लागतात. प्रत्येक मुलाला एक संत्रं दिलं होतं. प्रमुख पाहुणे उठले आणि ‘श्यामची आई’पासून निघाले. मुलांच्या पुस्तकावर बोलणारा मराठी वक्ता १९३५ सालातूनच गाडी काढतो आणि वाटेत कुठेही न थांबता थेट मोबाइलच्या दुष्परिणामांवर येतो. आत्याचं पुस्तक या मार्गावरचं स्टेशन नव्हतं. तोवर मुलांनी संत्री सोलली, बियांच्या नेमबाजीला सुरुवात झाली, एकाने साल शेजारणीच्या डोळ्यांत पिळलं. आभार मानणाऱ्याने ‘बालवाचकांच्या उदंड उपस्थितीबद्दल’ समाधान व्यक्त केलं. आलूबोंडे संपल्यावर मुलं गेली. पुस्तकं टेबलावर होती तशीच, फक्त वरच्या थराला रस लागलेला.

विक्रीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण झालीच थोडक्यात. किंमत १५० रुपये. बर्डीवरचा दुकानदार भला माणूस, त्याने पुस्तक उलटून पाहिलं, “यात एबीसीडी नाही का?” विचारलं, तरीही दहा प्रती ठेवून घेतल्या, निम्म्या कमिशनवर. म्हणजे आत्याच्या हाती ७५, खर्च ८२. तिने त्याच रात्री टिपण लिहिलं की दुकानातून खपणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे सात रुपये तोटा असून विक्री वाढल्यास तो वाढत जाईल. दुकानदाराने त्या प्रती रंगवायच्या पुस्तकांच्या मागे लावून तोटा आटोक्यात ठेवला.

शाळांमध्ये स्नेहसंमेलनाच्या बक्षिसांसाठी पुस्तकं घेतात असं कळलं. एका मुख्याध्यापिकेने विचारलं, तीस रुपयांत बसेल का. नाहीतर त्या स्टीलचा डबा देतात, पालकांना डबा आवडतो. दुसऱ्या शाळेने मूल्य विचारलं. आत्याने दीडशे सांगितलं. “तसं नाही हो, कोणतं मूल्य? श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रीय एकात्मता…” आत्याने प्रामाणिकपणे सांगितलं की एक फोड बाळाच्या तोंडात उडी मारते. ‘स्वार्थत्याग’ म्हणाली असती तर साठ प्रती गेल्या असत्या. हेच मला तिच्याबद्दल कळत नाही आणि आवडतं. तिने गोष्टीखाली तात्पर्य छापलं नाही. व्हाउचर नसलेला खर्च ती दाखवत नाही.

२०२३च्या फेब्रुवारीत ९६वं साहित्य संमेलन वर्ध्याला भरलं, स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर. नागपूरपासून दीड-दोन तासांवर संमेलन म्हणजे घरचंच कार्य. एका कवीबरोबर अर्धा गाळा वाटून घेऊन आत्या बसली. गठ्ठे उचलायला मी होतो. लोटच्या लोट लोक आले. एकाने विचारलं, एमपीएससीचं आहे का? एका बाईंनी सगळं पुस्तक उभ्याने वाचलं, डोळे पुसले, ‘फारच छान’ म्हणून जागेवर ठेवलं आणि पुढे गेल्या. एका तरुण बापाने मोबाइल काढून दाखवलं की प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर अशी चिक्कार पुस्तकं फुकट वाचता येतात, मराठीतही. खरं होतं ते; आत्याने तिथल्या तिथे वेबसाइटचं नाव टिपून घेतलं. कवीच्या बाजूला निदान कवी येत होते आणि एकमेकांचे संग्रह अदलाबदल करून नेत होते. चित्रपुस्तकवाल्याला तीही सोय नाही.

त्या तीन दिवसांत मुलं किती आली? आली पुष्कळ. पण प्रत्येकाचा एक हात मोठ्या माणसाच्या हातात होता, आणि तो हात पुढे ओढत होता. मुलांच्या पुस्तकाच्या वाटेवर आजोबा, मुख्याध्यापिका, दुकानदार, प्रमुख पाहुणे, पुण्याचे प्रकाशक असे सगळे उभे असतात आणि सगळे जण मुलांच्या वतीने बोलतात. आत्याला वर्षभरात एकही आक्षेप मुलाचा म्हणून आलेला नव्हता. तिला तेच खुपत होतं. आक्षेप नाही म्हणजे कोणी तपासलंच नाही, एवढं तिला नोकरीने शिकवलं होतं.

मग तान्हा पोळा आला. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो : मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत घरोघर जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे रोख पैसे. भोसल्यांच्या काळापासूनची रीत आहे म्हणतात. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि शहर आपल्यावरची सगळी इडापिडा तिच्याबरोबर घालवून देतं. पीडेचे बडगेही, म्हणजे पुतळे, काढतात, दरवर्षी नवे. ‘एक प्रत भेट द्या ना’ म्हणणाऱ्यांचा बडगा काढावा असं आत्या बरेच दिवस म्हणते आहे. २०२३च्या तान्ह्या पोळ्याला तिने ठरवलं की बोजारा म्हणून पुस्तक द्यायचं.

पहिली टोळी आली. नंद्यांना ओवाळलं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक ठेवलं. पोरं पुस्तकाखाली हात घालून पाहू लागली, नोट खाली चिकटवलेली असेल म्हणून. शेवटी दुसरीतला एक बारका पोरगा पुढे झाला. त्याचा नंदी त्याच्यापेक्षा उंच, एक शिंग फेविकॉलने लावलेलं.

“आजी, बोजारा?”

“हाच बोजारा. दीडशे रुपयांचं आहे.”

त्याने विचार केला. “मग हे तुम्ही ठेवा, अन् मले दहा रुपये द्या.”

व्यवहार आत्याला पटला. आकड्यांत बोलणारं माणूस तिला वर्षभरात प्रथमच भेटत होतं. तिने त्याला पुस्तकही दिलं आणि दहा रुपयेही, पावतीविना. तिच्या कारकिर्दीतली ही एकमेव अनियमितता.

चार-पाच दिवसांनी दार वाजलं. तोच पोरगा, नंदीशिवाय. पुस्तकाचं कोरं पान उघडून त्याने पुढे धरलं. ‘इथे तुम्हांला काय वाटतं ते’च्या वर पेन्सिलीने, ओळ सोडून, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘एक फोड कुटे गेली.’

“कोणती फोड?” आत्याने विचारलं.

“इथं लिवलं अकरा. वाटल्या दहा.” त्याने बोटांवर मोजून दाखवलं. आजी, आई, बाबा, दूधवाला, काकू, पोस्टमन, कावळा, मुंग्या, ती पोरगी, बाळ. दहा.

आत्या खुर्चीवर बसली. पुस्तक हातात असताना ती बसलेली मी प्रथमच पाहिली. सरासरी अकरा आली तेव्हा पुढल्या पानांवरचे फोडी घेणारे वाढवायचे राहिले होते. प्रूफं तिने तपासली, चित्रकाराने तपासली, पुस्तक वर्ध्याने वाचलं, कोलकात्याने पोच दिली. व्यासपीठावरच्या एका ज्येष्ठाने तर ‘अकरा ही एकादश रुद्रांची संख्या’ असं काहीसं सांगितलं होतं. हिशेब कोणी घातला नव्हता. काकांना मी बोलावलं. ते उठून आले, मोजले, दहा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते पेन्शन मंजूर झाली तेव्हाही आलं नव्हतं.

“माहिती संकलित करून सादर कर,” ते म्हणाले.

आत्या मनातल्या मनात शुद्धिपत्रक छापत होती, साडेआठशे चिकटपट्ट्या कापत होती. पोरग्याला तिची दया आली असावी. “आजी, मले माहीत हाये कोठी गेली,” तो म्हणाला आणि पान १५ काढलं. आजी झोपाळ्यावर, वाटीत फोडी, मागे खिडकी, खिडकीला पडदा, पडद्याच्या कडेला लोंबणारी दोरी.

“हे पाह्यलं का?”

“पडद्याची दोरी आहे.”

“दोरीले पट्टे राह्यतेत का? शेपूट हाये. वाघाचं. तो तिथं लपला, अन् आजी तिकडं पाहून राहिली, तवा त्यानं खाल्ली.” मग जरा थांबून, “वाघ संत्रा खात नाही. पण एक फोड खाऊ शकते. चव पाहाले.”

आत्याने भिंग आणलं. पट्टे होते. एका वर्षात हजारो वेळा तिने ते पान पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी फोडी मोजल्या होत्या. तिने चित्रकाराला फोन लावला, स्पीकरवर.

“पान १५ला काय आहे?”

पलीकडे बराच वेळ पंखा ऐकू आला. “मॅडम, तुम्ही वाघ वगळा म्हटलं होतं. वाघ वगळला. शेपटाचं पत्रात नव्हतं.”

ही सबब ऑडिटच्या भाषेत इतकी अचूक होती की आत्या त्याला रागावूच शकली नाही. तिने पुस्तकाच्या त्याच कोऱ्या पानावर, पेन्सिलीच्या ओळीखाली, हिरव्या शाईने लिहिलं : ‘आक्षेप मान्य. फोड वाघाने घेतल्याचे पान १५ वरून दिसून येते. पॅरा निकाली.’ खाली सही, तारीख. पोरग्याने ते अक्षर लावून वाचलं आणि सहीवर बोट ठेवून विचारलं, “मग त्या वाघाचं पुस्तक कधी येईन?”

“लिहिते ना,” आत्या म्हणाली. “अरे, लिहितेच आहे.” तिने ते तोवर लिहायला घेतलेलं नव्हतं.

दिवाणावरून आवाज आला. “अडीचशे छाप या खेपेला.”

“अडीचशेला प्रत महाग पडते. प्लेटचा खर्च तोच राहतो.”

“वाघालाही ऑरेंजच लागते ना?”

“हो. आणि काळा. काळा तर आहेच आपल्याकडे.”

“मग पाचवी शाई घेऊन टाक,” काका म्हणाले आणि कुशीवर वळले.